एका सुरमईला दोन शेपट्या

घरी येऊन पिशवी ओतली आणि तुकड्यांत दोन शेपट्या निघाल्या, तर मोजण्यात चूक झाली असं समजू नका. मासा एकच घेतला होता. दुसरी शेपटी दुसऱ्याच सुरमईची, आणि तिच्यासोबत तिचे दोन-चार तुकडेही आलेले असणार. पारखून घेतलेल्या माशाचे मधले जाड तुकडे फळीखाली राहिले, त्यांच्या जागी आदल्या दिवसाचे भरले गेले.

ही अदलाबदल कोयत्यापाशी होते. मासा निवडताना गिऱ्हाईक दहा वेळा उलटसुलट करतं आणि पैसे दिले की कोथिंबीर आणायला जातं. ‘कापून ठेवते, या तुम्ही’ असं बहुतेक कोळणी मनापासून म्हणतात, पण लबाडालाही हेच वाक्य सोयीचं पडतं. म्हणून कापून होईपर्यंत हलायचं नाही. डोकं नको असलं तरी मागून घ्यायचं. कल्ले त्याच्यातच असतात, आणि मासा ताजा की शिळा हे तुकड्यापेक्षा डोकं जास्त सांगतं. सव्वा किलोच्या सुरमईची आतडी, पर गेले तरी डोक्यासकट वजन किलोच्या फार खाली यायला नको.

शिळा तुकडा कच्चा असतानाच ओळखता येतो. मधल्या काट्याभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरलेला असतो आणि बोट लावलं की मांस काट्यापासून सुटतं. ताज्या तुकडीचं मांस काट्याला घट्ट धरून असतं.

अख्खा मासा घेताना नुसते लाल कल्ले बघून भुलू नका. कल्ल्यांना रंग लावणारेही आहेत. झाकण उचलून नाक जवळ न्या. समुद्राचा वास आला तर ठीक. आंबट किंवा अमोनियासारखा उग्र वास आला तर रंग कितीही लाल असो, फळीवर परत ठेवा. डोळा पांढरट दिसला म्हणून लगेच नाकारू नका, बर्फाला टेकूनही तसा होतो. पण डोळा खोल गेलेला, पोट मऊ आणि बोटाचा खड्डा तसाच राहिला, तर मात्र घेऊ नका.

जून-जुलैत ‘आज सकाळच्याच बोटीची’ हे ऐकलं की कान टवकारा. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल बर्फात घालून इकडे येतो. बाकीचा कोल्ड स्टोरेजचा. गोठवलेला मासा वाईट नव्हे. तो वितळवून, पाणी मारून ताज्याच्या भावात विकणं ही फसवणूक.

पैशापेक्षा तब्येतीचा प्रश्न मोठा. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य साठतं. ते तळून, उकळून, कोकम-तिरफळ घालून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, तोंडात चुरचुरतं, डोकं दुखतं, अंगावर पुरळ येतं. लोक ‘मला सुरमईची अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून मोकळे होतात, पण दोष बऱ्याचदा बर्फाच्या कंजुषीचा असतो.

मासा टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन मारतात, असा गाजावाजा 2018 मध्ये गोव्यात झाला, तेव्हापासून ‘माशी बसत नाही म्हणजे औषध मारलंय’ असं सर्रास म्हणतात. माशीवर भिस्त ठेवू नका. मासा रबरासारखा ताठ आणि त्याला वासच नाही, तर शंका घ्या. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरी करता येईल अशी पट्टीची चाचणी काढली आहे. ती बोंबलावर मात्र लावत बसू नका, कारण फॉर्मेलिन ज्यापासून बनतं ते फॉर्मल्डिहाइड बोंबलात निसर्गतःच तयार होतं आणि बिचाऱ्या विकणारीवर उगाच आळ येतो.

फसल्याचं घरी लक्षात आलं तर तुकडे धुऊ नका, मसालाही लावू नका. दोन्ही शेपट्या शेजारी ठेवून फोटो काढा, सगळं बर्फात घाला आणि त्याच दिवशी पिशवी घेऊन परत जा. तिथे दाद मिळाली नाही, तर खराब मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि मापात मारल्याची वैधमापन विभागाकडे करता येते.