उद्धट सहकाऱ्यांशी कसं बोलायचं, या ट्रेनिंगचा अनुभव (पाचपैकी चार स्टार)

नऊ वर्षं झाली वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. ट्रेनिंग म्हटलं की आधी ड्युटी कोण कव्हर करणार हाच प्रश्न. हे दोन दिवसांचं होतं, ट्रेनर मॅडम स्वतः आयसीयूत काम केलेल्या, त्यामुळे "शांत राहा, मनावर घेऊ नका" एवढ्यावर भागवलं नाही.

सुरुवातीलाच त्यांनी 2015 सालचा 'पीडियाट्रिक्स' जर्नलमधला एक अभ्यास सांगितला. इस्रायलमधल्या नवजात बाळांच्या आयसीयूच्या 24 टीम्स, सराव चालू असताना काही टीम्सना बाहेरचा एक तज्ज्ञ टाकून बोलला, तर त्या टीम्सचं निदानही कच्चं पडलं आणि हातातलं कामही, कारण एकमेकांना विचारणं, मदत मागणंच कमी झालं. मला एकदम भरून आलं. कुणी ओरडलं की सलाइन लावताना माझा हात थरथरतो, तो मी इतकी वर्षं माझाच दुबळेपणा समजत होते.

सगळ्यात चांगलं म्हणजे रोल प्ले. रात्री तीनला डॉक्टरांना फोन, आणि मॅडम डॉक्टर होऊन खेकसतायत, "एवढ्यासाठी उठवलं?" पहिल्या वेळी मी "सॉरी सर" म्हणून फोनच ठेवला. मग त्यांनी तीन वाक्यं घोटून घेतली, मला काळजी वाटतेय, हे मला बरोबर वाटत नाहीये, यात पेशंटच्या जिवाला धोका आहे. दुसऱ्या वेळी म्हणाले, "सर, बीपी 80/50 आहे, युरिन कमी झालंय, मला काळजी वाटतेय, तुम्ही येऊन बघा." आवाज कापत होता, पण बोलले. दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर वरच्यांना कळवायचं, हेही तिथेच पक्कं झालं.

आठच दिवसांत वेळ आली. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देताना, एक सीनियर सिस्टर नातेवाइकांसमोरच म्हणाल्या, "एवढंही येत नाही का तुला?" एरवी मी गप्प बसून बाथरूममध्ये रडले असते. या वेळी म्हणाले, "सिस्टर, आधी यांची इंजेक्शनची वेळ सांगते, ते राहून जायला नको, माझं काय चुकलं ते आपण नंतर स्टाफ रूममध्ये बोलू." नंतर दोघीच असताना सांगितलं, की तुम्ही सगळ्यांसमोर असं बोललात, नातेवाइकांचा माझ्यावरचा विश्वास उडतो, चूक असेल तर बाजूला घेऊन सांगा. सॉरी नाही म्हणाल्या त्या, पण त्यानंतर समोर आवाज चढवला नाहीये.

एक स्टार कापला तो तक्रारीच्या भागासाठी. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, पेशंटवर काय परिणाम झाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, एवढं सांगून दहा मिनिटांत उरकलं. घाईगडबडीत कुणी एकदा तुटक बोलणं वेगळं आणि रोज ठरवून एकालाच टार्गेट करणं वेगळं, दुसऱ्या प्रकारात गोड बोलून काही होत नाही, तिथे लेखीच द्यावं लागतं, आणि त्रास देणारी इनचार्जच असेल तर ते कुणाकडे द्यायचं हे विचारलं तेव्हा नीट उत्तर मिळालं नाही. शिवाय आमच्या बॅचला फक्त नर्सेस आणि टेक्निशियन, डॉक्टर एकही नाही. तुमच्याकडे हे ट्रेनिंग लावत असतील तर डॉक्टर आणि इनचार्ज आपल्याच बॅचला बसवा म्हणून आधीच सांगून ठेवा.