द्राक्षाच्या गाडीला एअर सस्पेन्शन का पाटे? दोन्ही वापरून सांगतोय

तासगावातनं द्राक्षं भरून दिल्लीकडं जातात आमचे दोन रीफर (माल थंड ठेवणारे) ट्रेलर, एक जुना पाट्याचा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, आणि दुसरा एअर सस्पेन्शनचा, म्हणजे हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर बसणारा, त्याला आता दोन सीझन झाले. घेताना मला नीट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं म्हणून लिहितोय.

फरक कळतो तो दार उघडल्यावर. पाट्याच्या गाडीत मागच्या, त्यातही वरच्या थरातल्या पेट्यांत मणी झडलेले असायचे, आणि एकदा घडातनं मणी सुटला की व्यापारी भाव पाडतोच. कारण साधं आहे, पाटे फुल लोडच्या हिशोबानं कडक बनवलेले असतात, द्राक्षाचं वजन त्यापेक्षा कमी, मग पाटा वाकतच नाही आणि खंबाटकी घाटापासनं पुढचा प्रत्येक दणका सरळ मालाला बसतो. एअरमध्ये लेव्हलिंग व्हॉल्व्ह लोड बघून बेलोतली (त्या रबरी फुग्यातली) हवा कमीजास्त करतो, त्यामुळं गाडी अर्धी भरलेली असो नाहीतर रिकामी, उडत नाही. झडलेले मणी खरंच खूप कमी झाले, आणि रिकाम्या गाडीचे टायर ठिकठिकाणी खायचे तेही थांबलं.

पण त्रास आहे बरं का. पहिल्याच सीझनला दगड लागून एक बेलो फुटला, गाडी एका बाजूला बसली आणि तशीच 20 च्या स्पीडनं ढाब्यापर्यंत आणावी लागली, तिथं पार्ट मिळेना, अख्खी रात्र गेली आणि रीफर चालू ठेवायला डिझेल जळत राहिलं. पाटा तुटला तर कराड, मिरज कुठंही मिस्त्री नवं पान (पट्टी) घालून देतो, बेलोचं तसं नाही, एक स्पेअर गाडीत ठेवाच. रात्रभर उभी गाडी सकाळी एका अंगाला कललेली दिसली तर फिटिंगला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की लीक तिथंच. शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गळायला लागले तर लगेच बदला, ते गेले की बेलोवर ताण येतो.

सळई, दगड, वाळू, किंवा शेतातल्या कच्च्या वाटेवरचं काम असेल तर डोळे झाकून पाटे घ्या, एअरला जादा पैसे घालू नका. द्राक्ष, डाळिंब, काचसामान असला माल असेल तर मात्र एअरच. आमचा तिसरा ट्रेलर एअरचाच येतोय, यावेळी दोन बेलो आधीच ऑर्डर केलेत.