जुना हॉटस्पॉट घेताय? आधी हे वाचा

खानापूर भागातलं नेट किती रडवतं, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून मामांच्या किराणा दुकानासाठी बेळगावच्या बाजारातून एक जुना पॉकेट हॉटस्पॉट, म्हणजे सिम घालून वाय-फाय देणारी डबी, आणला. 'सेटिंगचं टेन्शन घेऊ नका मामा, मी आहे की,' म्हणत तिथल्या दुकानदाराने आपल्याकडे कामाला असलेला पोरगा पाठवला. मामांच्या ज्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप, त्यावरच मोठा रिचार्ज मारलेला, तेव्हा तेच सिम त्याने डबीत घातलं. सिम काढलं तरी मोबाईलमधलं व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहिलं, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

खरी गोम इथेच आहे. त्या सिमवरचे एसएमएस डबीतच साठतात. वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की डबीचं पान उघडतं, आणि त्यात इनबॉक्स असतो. पोराने वाय-फायला नवा पासवर्ड टाकला, या पानाचा मात्र 'अ‍ॅडमिन'च ठेवला. वर 'रेंज बघायला आलो' म्हणत समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा.

एका संध्याकाळी मामांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि कोल्हापूरच्या मावशीला त्यांच्या नंबरवरून मेसेज गेला: 'अर्जंट वीस हजार टाक. फोन करू नको, मीटिंगमध्ये आहे.' मामा आणि मीटिंग! पण भावाचा फोटो दिसतोय म्हटल्यावर मावशीने टाकले.

नंतर डबीचं पान उघडलं, तर दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू करायला लागणारा सहा आकडी कोड 'वाचलेले'मध्ये. घरात तर हे पान कुणाला ठाऊकच नव्हतं. दुकानदाराने हात वर केले, 'तो पोरगा सोडून गेला हो.'

जुनी डबी घेतली तर रीसेटचं बारीक बटण पिनने दाबून धरा, मगच सिम घाला. आतल्या पानाचा पासवर्ड स्वतः बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडायची सोय) बंद करा. बँकेचा किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर त्यात नकोच, डेटाला वेगळं सिम घ्या. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन (एसएमएसच्या कोडनंतर विचारला जाणारा आपला पिन) आजच लावा. मामांचा नव्हता, तो चोराने लावला. एसएमएसचा कोड टाकून आम्ही त्याला बाहेर काढलं खरं, पण त्या पिनपायी मामांना सात दिवस थांबावं लागलं.

पैसे गेल्याचं कळताच मावशीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदली गेलीय, पैसे अजून आलेले नाहीत.