एलईडी बल्ब तीन आठवडे, हॅलोजन आठ महिने

माझी ड्युटी रात्री उशिरा सुटते आणि परतीच्या वाटेवर बराच मोठा पट्टा असा आहे की रस्त्यावर एकही दिवा नाही. मधे दुभाजक नाही, कडेचा पांढरा पट्टा कुठे आहे, कुठे पुसलेला. गाडी अकरा वर्षांची, साधी रिफ्लेक्टरची (बल्बमागच्या चकचकीत वाटीची) हेडलाइट, त्यात एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब. लो बीमवर समोर पडायचा तो उजेड इतका मरतुकडा, की पावसात तर गाडीचे दिवे चालू आहेत ना, हे मी डॅशबोर्डवर बघून खात्री करून घ्यायचे. म्हणून एलईडी बल्बची जोडी घेतली. खोक्यावर २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप) असं ठसठशीत छापलेलं होतं. प्रमाणित एच-४ बल्ब लो बीमला साधारण १,००० आणि हाय बीमला १,६५० ल्युमेन देतो. वीस पट आकडा वाचल्यावर शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

पहिल्या रात्री तो आनंद टिकलासुद्धा. बंपरच्या पुढे दुधासारखा पांढरा सडा, रस्त्यावरचा खडा न् खडा मोजून घ्यावा. दुसऱ्या रात्रीपासून समोरचे डिपर मारू लागले. मी दर वेळी दांडा तपासायची, गाडी लो बीमवरच असायची. मग मी मनाशी ठरवलं की लोकांना सवय नाही. एका ट्रकवाल्याने वैतागून त्याच्याकडचे होते नव्हते तेवढे सगळे दिवे माझ्या तोंडावर लावले, तेव्हा त्याला चार शब्द ऐकवलेसुद्धा, अर्थात काच बंद ठेवून.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तू स्वतःच्या गाडीसमोर कधी आली आहेस का?"

मग रविवारी रात्री एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर मी त्याच्या गाडीत बसले आणि तो माझी गाडी घेऊन दोनेकशे मीटरवरून माझ्याकडे आला. माझ्या बाजूच्या कडेला आम्ही एक करडी गोणी ठेवली होती. आधी जुने हॅलोजन लावून तो आला: गोणी मला आरामात दिसली. मग बल्ब बदलून आला. या वेळी गोणी दिसली ती त्याची गाडी शेजारून निघून गेल्यावर, तीही डोळे दोन-तीनदा मिचकावून. गोणीच्या जागी सायकल ढकलत चाललेलं कोणी असतं तर, हे दोघांच्याही मनात आलं असणार, पण बोललो नाही. गोणी उचलली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावली. हॅलोजनचा लो बीम भिंतीवर एक रेघ काढतो, खाली उजेड, वर अंधार, आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला ती रेघ तिरपी वर चढते. एलईडीतही रेघ होती म्हणा, पण तिच्यावर धुरासारखा उजेड पसरलेला आणि त्यात दोन झगझगीत डाग. समोरच्या ड्रायव्हरचे डोळे असतात त्या उंचीवर मोबाइलचं लक्स-मीटर, म्हणजे तिथे पडणारा उजेड मोजणारं अ‍ॅप, धरलं. हॅलोजनला ३ ते ४ लक्स, एलईडीला १४ ते १५. मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण चौपट फरक दाखवायला तो पुरतो.

असं होण्याचं कारण रिफ्लेक्टरमध्ये आहे. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच वापरला जातो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो. तार बारीक, तिची जागा ठरलेली, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या जागेवर बेतलेला. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवतात, मधे पट्टीची जाडी. म्हणजे उजेड निघण्याची जागाच सरकली. ती थोडीशी सरकली तरी पन्नास मीटरवर उजेड भलतीकडे जातो. माझ्या जोडीतल्या एका बल्बची कॉलर (हेडलाइटमध्ये बसणारी कडी) तर चांगलीच ढिली होती, खड्ड्यातून गेलं की फिरायची. शिवाय पाठीमागच्या पंख्यामुळे रबराचं धूळटोपण बसेना, म्हणून फिटिंगवाल्याने त्याला भोक पाडून दिलं. पहिल्याच पावसात काचेच्या आत दव जमलं.

उजेड खरंच वाढतो, मग तक्रार कसली, असं विचारणारे भेटतील. मलाही तेच वाटत होतं. पण नंतर दोन्ही बल्बांवर तोच रस्ता चालवून पाहिला तेव्हा एलईडीत लांबचा वळणाचा फलक उशिरा दिसला. वाढलेला उजेड बहुतेक सगळा पहिल्या दहा-पंधरा मीटरांत होता. डोळ्यासमोर जवळ लख्ख पांढरं असलं की बाहुली लहान होते आणि लांबच्या अंधारातलं कमी दिसतं. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला बावीस मीटर पळते. बंपरपुढचा खडा दिसून करायचं काय?

एलईडी म्हणजेच वाईट, असं मी म्हणत नाही. कंपनीतून एलईडीसाठीच घडवलेली हेडलाइट वेगळी, तिचं भिंग आणि दिवा एकमेकांसाठी बनलेले असतात. बदली बल्बांतही प्रयत्न झाले आहेत: ऑसरामने २०२० साली जर्मनीत रस्त्यावर वापरायची परवानगी असलेला एलईडी बल्ब आणला, पण ती परवानगी यादीतल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरती आहे. म्हणजे तिथेही बल्ब एकटा पास होत नाही, हेडलाइटसकट तपासावा लागतो. माझ्या गाडीसाठी असं कोणी काही तपासलेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी जोडी काढली. गुण द्यायचे तर पाचापैकी एक, आणि तोही खोक्याला.

आता जे कामी आलं ते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो रिले हार्नेसने, आणि मी सगळ्यात कमी अपेक्षा त्याच्याकडूनच ठेवली होती. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट बारीक वायरीतून, स्विचमधून, दोन-चार कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) फिरत येतो. इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि बल्बच्या कपलरवर १२.३. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून किती तरी वेगाने कोसळतो: साधारण ३.४ च्या घाताने. हिशेब केला तर माझे बल्ब दोन तृतीयांश उजेडावर चालत होते. हार्नेसमध्ये जाड वायर फ्यूजमार्गे थेट बॅटरीवरून येते आणि जुना स्विच फक्त रिलेला, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीला, इशारा देतो. बसवल्यावर कपलरवर १३.६ मिळाले. बल्ब तेच, जुनेच, आणि तरी मी पहिल्या रात्री दादाला फोन केला. वायरी बंपरच्या धारेवर घासणार नाहीत अशा बांधून घ्या आणि अर्थिंग रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर द्या, एवढंच सांगते. माझ्या फिटिंगवाल्याने अर्थिंग रंगावरच मारलं होतं, डावा दिवा दोन दिवस लुकलुकत होता.

मग हेडलाइटची काच. अकरा वर्षांत तिचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक पिवळं पडून खरबरीत झालं होतं. त्यातून उजेड कमी जातो, आणि जातो तोही विखरून वर उडतो, म्हणजे समोरच्याला त्रास माझ्या जुन्या काचेचाही थोडा होताच. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ८००, १५००, २०००, ३००० अशा क्रमाने, मग पॉलिश. ८०० नंतर काच इतकी पांढरी धुरकट दिसते की आपण वाट लावली असं वाटतं. पुढे निवळते. शेवटी उन्हापासून जपणारा यूव्ही कोट मारलाच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. आणि हो, पुढची मोठी काच आतून पुसा. आत बसलेल्या पुटावर समोरचा उजेड पसरतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर नवे हॅलोजन घेतले, ६०/५५ वॅटचेच, १३० टक्के जास्त उजेड असं लिहिलेले. तो टक्का नियमातल्या किमान मर्यादेशी तुलना करून छापलेला असतो, नेहमीच्या चांगल्या बल्बशी नव्हे, तेव्हा तिप्पट-चौपट काही होत नाही. थोडा लांब पल्ला मिळाला. तार जास्त तापवतात म्हणून आयुष्य कमी. आठ महिन्यांत एक उडाला, दुसरा अजून आहे. निळसर काचेचे घेऊ नका, तो रंग उजेड खाऊनच येतो. १००/९० वॅटचेही नको, कपलर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी जाते.

फोकस सेट करणं सगळ्यात शेवटी, आणि ते न करता वरचं सगळं केलं तर केलं काय! माझ्या हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ७२ सेंटिमीटरवर. एक टक्का उतार म्हणजे दहा मीटरवर रेघ दहा सेंटिमीटर खाली, ६२ वर. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला, लेव्हलरचं (गाडीतल्या ओझ्यानुसार उजेडाचा रोख खाली घ्यायचं) चाक शून्यावर. बऱ्याच गाड्यांत उताराचा आकडा हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली छापलेला असतो, असेल तर तोच घ्यायचा. माझा उजवा दिवा जवळपास एक अंश वर निघाला. एक अंश म्हणजे पन्नास मीटरवर रेघ हवी त्याहून ८७ सेंटिमीटर उंच, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. त्याला एलईडी लागतच नाही.

फॉगलाइटबद्दल थोडंच. सुटे एलईडी बल्ब नाही, अख्खे दिवे घेतले, काचेवर मान्यतेची खूण म्हणून वर्तुळातलं ई अक्षर आणि फॉगलाइटचं एफ-३ असलेले. जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, दोन टक्के उतार, म्हणजे उजेडाची रेघ वीस मीटरवर जमिनीला टेकते. तेवढाच त्यांचा पल्ला, तेवढाच हवा. धुक्यात दोन्ही कडा दिसतात आणि वर उजेड नसल्यामुळे धुक्याची पांढरी भिंत उभी राहत नाही. पिवळे घ्यावेत का यावर आमच्याकडे रोज वाद. दादा म्हणतो पिवळा धुक्यातून आरपार जातो. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा किती तरी मोठे असतात, सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्सने १९३६ पासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळ्या ठेवल्या होत्या हे तो दर वेळी ऐकवतो. डोळ्याला पिवळा मऊ वाटतो हे मला मान्य आहे, म्हणून मी त्याला त्याच्या गाडीला पिवळे लावू दिले. स्वच्छ रात्री मात्र फॉगलाइट बंद ठेवते. पुन्हा तोच बंपरपुढचा सडा कशाला.

आठ महिन्यांत मला डिपर दोनदा बसला. दोन्ही वेळा मागे तीन माणसं आणि डिकीत सामान होतं, आणि मी लेव्हलरचं चाक फिरवायला विसरले होते. आता मागची सीट भरली की आधी चाक २ वर, मग चावी.