राउटरची "चिप गेली" म्हणून ३२०० ला चुना लावला, वाचा आणि घरच्यांनाही सांगा

डोंबिवलीला आईबाबांकडे नेटवाल्यांनी राउटर बदलून दिला आणि तेव्हापासून सगळे मोबाईल मस्त चालतायत पण बाबांचा जुना लॅपटॉप काही केल्या वायफाय घेईना, पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी नाहीच. कस्टमर केअर लागेना म्हणून बाबांनी गुगलवर कंपनीच्या नावाने पहिला दिसला तो नंबर फिरवला. थोड्या वेळात एक पोरगा हजर, गळ्यात आयकार्ड वगैरे सगळं.

आता त्याची ट्रिक बघा. सेटिंगमध्ये जाऊन त्याने सिक्युरिटीच बंद केली, नेटवर्क ओपन, लॅपटॉप लगेच जोडला गेला. परत पासवर्ड लावला की बंद. "बघितलंत काका, पासवर्ड लावला की राउटर लोड घेत नाही, आतली चिप गेलीये." डोळ्यांदेखत दाखवल्यावर कोण नाही म्हणणार? ३२०० रोख घेतले, बिल व्हॉट्सॅपवर पाठवतो म्हणाला (अजून येतंय), नवीन राउटर लावला आणि जुना भंगारात टाकतो सांगून घेऊन गेला. अहो तो राउटर कंपनीचा होता, कनेक्शन बंद करताना परत द्यावा लागतो!

नंतर कंपनीचा खरा माणूस आला, म्हणाला हा आमचा कोणी नाही. शेजारी सेम राउटर आहे, तिथे बाबांचा लॅपटॉप नेला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (राउटरच्या सेटिंगचं पान) उघडलं, सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ वर होती, म्हणजे वायफायच्या पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत. हे २०१८ ला आलं, लॅपटॉप त्याच्या आधीचा, त्याला डब्ल्यूपीए२ पर्यंतच कळतं. त्याने डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड केलं, सेव्ह, लॅपटॉप जोडला गेला. खर्च शून्य.

अशा वेळी कोणी "पासवर्ड काढून टाका, चालेल" म्हटलं तर अजिबात ऐकू नका, आपलं नेट कोणीही वापरू शकतं; डब्ल्यूईपी (फार जुनी सुरक्षा पद्धत) लावून देतो म्हणाला तरी नको, ते २००१ पासूनच फोडता येतं. २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातलं वायफाय वापरून गेला होता आणि चौकशीचा ससेमिरा लागला त्या घरात राहणाऱ्याच्या मागे.

नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधलाच घ्या, आणि जुना राउटर कोणाला देऊ नका. त्या पोराचा फोन आता बंद लागतो, गुगलवरचं लिस्टिंग मी रिपोर्ट केलंय पण काल बघितलं तर अजून सगळ्यात वर तेच येतंय.