मुलाच्या 'का?'ला क्लास हवा की सर?

इंदिरानगरच्या मावसबहिणीचा फोन आला. तिचा चौथीतला मुलगा दिवसभर 'का?' विचारतो. त्याला विज्ञानाच्या हॉबी क्लासला घालू, की ओळखीतल्या निवृत्त सरांकडे रविवारी पाठवू?

मी तिला म्हटलं, खर्चाचं सोपं आहे: क्लासची फी ठरलेली, साहित्य त्यांचं. सर पैसे घेणार नाहीत, पण ने-आण तुझी आणि त्यांची तब्येत बिघडली की रविवार बुडाला.

खरा फरक प्रश्नाचं पुढे काय होतं यात. क्लासात खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून 'ज्वालामुखी' होतो. एखादं पोर विचारतं, फेस का थांबला? तोवर पुढचा प्रयोग सुरू. सर म्हणतील, आता नुसतं व्हिनेगर वाढव, मग नुसता सोडा वाढव, काय होतं ते लिही. पुढच्या रविवारी नाशिकजवळची पांडवलेणी. तिथला काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा!

एकास एक शिकवण्याचा मोठा फायदा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये मांडला. नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी भरला, आणि मोजलं होतं ते चाचणीतलं यश, कुतूहल नव्हे. सोबतीत मात्र क्लास पुढे. भांडत, एकमेकांचं बघत पोरं पुष्कळ शिकतात.

मूल बुजरं असेल किंवा कशाची गोडी आहे तेच कळत नसेल, तर क्लास. तुझ्या मुलासारखं एकाच प्रश्नाला चिकटणारं असेल, तर सर. फक्त सरांना आधी सांग, गृहपाठ घ्यायचा नाही.