नऊ महिने, दोन पॅडवाल्या शॉर्ट्स आणि एक मलमलचा दुपट्टा

मागच्या नोव्हेंबरात सायकल घेतली. साधी हायब्रिड, गियरवाली. नागपुरात घर प्रतापनगरला, ऑफिस सिव्हिल लाइन्सला; जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर. रविवारी फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, कधी काटोल रोड. सायकलींबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी कपड्यांबद्दल लिहितेय, कारण पहिल्याच महिन्यात सायकल विकायचा विचार आला होता तो कपड्यांपायी.

सुरुवात घरात होतं त्यावर केली. कॉटनची लेगिंग, वर जुनी कुर्ती. ऑफिसला जाताना काही जाणवलं नाही. पहिल्या रविवारी तीस किलोमीटर झाले, घरी आले, आंघोळीचं गरम पाणी अंगावर घेतलं आणि ओरडलेच. पुढचे दोन दिवस खुर्चीत बसण्याआधी विचार करावा लागत होता. मग लेगिंग उलटी करून पाहिली. चार शिवणी नेमक्या मधोमध येऊन मिळतात, तिथे वाटाण्याएवढी कडक गाठ होते, आणि सीटवर बसलं की अंगाचा सगळा भार त्या गाठीवर. जीन्सची शिवण तर दोरखंडच.

त्यानंतर मी सगळे करतात तेच केलं, सीटला जेलचं मऊ कव्हर चढवलं. ते वळणावर सरकायचं हा एक त्रास. दुसरा असा की फार मऊ सीटवर बसायची हाडं आत रुततात आणि भार आजूबाजूच्या नाजूक भागावर येतो. दहा किलोमीटरपर्यंत गादी, वीसनंतर शिक्षा. ऑफिसातली मैत्रीण माझ्या आधीपासून चालवते. ती म्हणाली, "सीट कायले मऊ करते? चड्डी बदल."

पहिली पॅडवाली शॉर्ट ऑनलाइन घेतली, सहाशेला. पॅड म्हणजे एकसंध जाड फोम, कडेने उठलेली शिवण. म्हणजे शिवणीपासून सुटका करून घ्यायला गेले आणि मांडीच्या आतल्या बाजूला नवी शिवण विकत घेतली. पाच-सहा धुण्यांत फोम गोळा होऊन एका बाजूला गेला. घालून पहिल्यांदा हॉलमध्ये आले तेव्हा सासूबाई पोहे निवडत होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "काय वं बाई हे, लंगोट बांधल्यावानी दिसून राह्यलं!" खोटं नव्हतं.

दुसरी जानेवारीत दुकानात जाऊन, घालून, तिथल्या सायकलवर बसून घेतली. अठराशे. ही आजही वापरतेय. फरक पॅडच्या जाडीत नाही, घडणीत आहे. बसायची हाडं टेकतात तिथे फोम घट्ट, बाकी ठिकाणी पातळ, मधोमध शिवणच नाही, आणि कडा कापडात सपाट मिसळलेल्या. बायकांच्या मापाची वेगळी येते, तीच घ्यावी. पुरुषांच्या शॉर्टमधलं पॅड अरुंद आणि लांब असतं, आपल्याला ते जिथे हवं तिथे नसतं. दुकानात पॅड अंगठ्याने दाबून बघा. अंगठा थेट तळाला टेकला तर पन्नास किलोमीटरला ते नुसतं कापड.

एक गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही, लाजतात. आत काही घालायचं नसतं. मी पहिला महिनाभर आतून नेहमीसारखे कपडे घालून वर पॅड चढवत होते आणि तरी का सोलवटतंय म्हणून पॅडला दोष देत होते. त्या आतल्या कपड्याच्या शिवणीच तर सगळं करत होत्या. पॅड थेट अंगाला लागलं पाहिजे, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी वापरल्यावर धुतलं पाहिजे. दोन दिवस तशीच घातली तर पुळ्या येतात, आलेल्या आहेत.

बिब शॉर्ट्सचा मोहही झाला होता. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि असे मोठ्या अंतराचे सायकलस्वार खांद्यावर पट्टे असलेल्या त्या बिबमध्येच दिसतात. कमरेला इलॅस्टिक नाही, पोटावर वळ नाही, पॅड जागचं हलत नाही. सगळं खरं. पण बुटीबोरीच्या वाटेवर बाथरूमला जायचं तर आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. बाईमाणसाने ढाब्याच्या मागच्या कडी नसलेल्या खोलीत हे करून बघावं. मैत्रिणीची एकदा घालून पाहिली, परत केली. रुंद कमरपट्ट्याची साधी शॉर्ट मला पुरे.

जर्सी हा माझा सगळ्यात वाया गेलेला खर्च. बाराशे रुपये. पाठीमागचे तीन खिसे उपयोगी, केळं आणि मोबाइल बसतो, एवढं तिच्या बाजूने बोलते. पण पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवतं. धुतल्यावर वास जातो आणि पुन्हा घाम आला की मागचा-पुढचा सगळा परत येतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात तिचं गणित उलटं पडतं. जिथे वाचाल तिथे सायकलिंगला कॉटन नको, घाम ओढून लगेच सुकणारं कापड हवं असंच सांगतात. आपण नागपूरकर कूलरवर वाढलो, आपल्याला हे कोणी शिकवायला नको. कोरड्या हवेत ओली खसची ताटी गार वारा देते, ताटी सुकली की तोच कूलर भट्टी. मेच्या संध्याकाळी सहाला ऑफिसमधून निघते तेव्हा वारा अजून भाजत असतो (२०१३ च्या मेमध्ये इथे पारा ४७.९ ला गेला होता, हे आठवत असेलच). तेव्हा जर्सीतला घाम क्षणात उडून जातो आणि घट्ट कापडातून झळ थेट कातडीला लागते. त्याऐवजी सैल, पातळ कॉटनचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला ओला मलमलचा दुपट्टा. पोचेपर्यंत दुपट्टा ओलसर राहतो. शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, उमटू देत.

तोच दुपट्टा जुलैत घातला तर पावसाळ्यात कूलर लावल्यासारखं होतं. हवेतच पाणी, मग कापडातलं जाणार कुठे? चिकचिक नुसती. त्या दिवसांत जर्सी कामाची. म्हणजे बाराशेतले चारशे वसूल झाले असं धरा.

दुपट्ट्याचं आणखी सांगते. हेल्मेटच्या आत एकच पदर घ्यायचा, घड्या घातल्या तर हेल्मेट डोक्यावर टोपलीसारखं बसतं. आणि दोन्ही टोकं गळ्यातून शर्टच्या आत. एप्रिलमध्ये लॉ कॉलेज चौकात माझं मोकळं टोक मागच्या चाकात गेलं. सिग्नलवरून नुकतीच निघाले होते म्हणून मानेवर फक्त लाल पट्टा उठला. मागचा ऑटोवाला उतरून आला आणि ओढणी सोडवता सोडवता म्हणाला, "म्याडम, गाडी घ्या ना आता एखादी."

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर व्हायचं, म्हणून जेलचे हातमोजे घेतले. थोडा फरक पडला. खरा फरक सीटचं टोक सरळ केल्यावर पडला. ते खाली झुकलेलं होतं आणि मी सारखी पुढे घसरून अंगाचा भार तळहातांवर घेत होते. मोज्यांच्या अंगठ्यावर टॉवेलसारखं कापड असतं, ते घाम पुसायला. हे मला तीन महिन्यांनी कळलं.

डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा स्वेटर घालून निघाले की शंकरनगरपर्यंत आत घामाची आंघोळ. आता बिनबाह्यांचं विंडचीटर घालते, आणि घरातून निघताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे असं ठरवलंय. पावसात रेनकोटचे दोन प्रकार वापरून झाले. दोन्हींत बाहेरच्याइतकंच पाणी आतून येतं. सरळ भिजते. ऑफिसचे कपडे दोन पिशव्यांत गुंडाळून कॅरियरला. चिखल पाठीवर उडू नये म्हणून मडगार्ड लावलं, त्याने कुठल्याही रेनकोटपेक्षा जास्त काम केलं. पॅडवाली शॉर्ट मात्र पावसात नको. ओला फोम म्हणजे मांडीला घासणारा स्पंज.

रोजच्या पंधरा किलोमीटरला पॅड लागतच नाही हे मार्चमध्ये लक्षात आलं. लागते ती शिवण नसलेली जागा. आमच्या टेलरभाऊंना लेगिंग उलटी करून दाखवली, गाठ दाखवली. ते हसले. म्हणाले, "आसनाले तुकडाच नाही इथं. जुन्या सलवारीले राहात होता." कापड मी दिलं, पातळ, थोडं ताणणारं. त्यांनी आसनाला शंकरपाळ्यासारखा तुकडा लावला, शिवणी मांड्यांकडे सरकल्या, घोट्याशी पाय निमुळता ठेवला म्हणजे चेनमध्ये अडकत नाही. शिलाई अडीचशे. अशा दोन पँट रोज आलटून पालटून चालतात, वर कुर्ती घातली की ऑफिसात बदलायचीही गरज नाही. चेन उजवीकडे असते, त्यामुळे उजव्या पायाला ऑइलचे डाग पडतातच. म्हणून आता रंग काळाच.

शॉर्टची निगा: उलटी करून थंड पाण्यात, साध्या साबणाने, कम्फर्टसारखं काही न घालता. पिळायची नाही. आणि वाळवायची सावलीत. मे महिन्यात मी गच्चीवर टाकली, पंधरा मिनिटांत कडकडीत. पण दोन-तीन आठवडे तसंच केल्यावर मांडीवरची पकड सैल झाली, आता उजवी बाजू वर सरकते. पॅड अजून ठणठणीत आहे, लास्टिक मीच उन्हात मारलं. दिवाळीनंतर रामटेकला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर करायचा बेत आहे, त्याआधी तिसरी घ्यावी लागेल. या वेळी कमरेबरोबर मांडीचंही माप टेपने घेऊन जाणार.